नागीण आणि हिरवा चुडा

"पोट आत घे. अजून घे. आणि हलू नकोस रत्ना, दोरा सरकतोय!"

थोरल्या जाऊबाई माझ्या कमरेशी उकिडव्या बसल्या होत्या. नाकावर चष्मा आणि हातात आमच्या दुकानातला बांगड्या ओवायचा सुती दोरा. मी ब्लाउज वर धरून भिंतीकडं तोंड करून उभी. डाव्या कुशीवर, मणक्यापासून निघून बेंबीच्या दिशेला, पाणी भरलेल्या फोडांचा एक पट्टा उठला होता आणि तिथं नुसती आग आग होत होती. पदराचा वारा लागला तरी जीव कळवळायचा.

"सांगा की, किती?"

"दोन विती उरल्यात." जाऊबाईंनी दोऱ्याला गाठ मारली. "काल दोन विती आणि वर चार बोटं होती."

"काल तुम्ही चष्मा लावला नव्हता."

"चेष्टा सुचतेय होय तुला? नागीण आहे ही! तिचं तोंड आणि शेपूट जुळलं की खेळ खलास. आमच्या माहेरी एक म्हातारा असाच गेला. आजच्या आज गेरू लावणारा बोलवायला पाहिजे. तोंडापुढं गेरूची रेघ ओढली की जागच्या जागी थांबते."

मी मनात म्हटलं, अगं बाई, हिला काय झेंड्या दाखवून गाडी थांबवायचीय का!

या गोष्टीला आता वीस वर्षं होऊन गेली. तेव्हा मी पंचावन्नची. आम्ही कासार, पेठेत आमचं बांगड्यांचं दुकान. लग्न होऊन आले तशी मी दुकानात बसले, आणि तोपर्यंत बत्तीस वर्षं बायकांचे हात भरले होते. माणसांचे चेहरे माझ्या ध्यानात राहत नाहीत, मनगटं राहतात. बांगडी हातात चढवण्याआधी ती नखानं टिचकी मारून कानाशी ऐकायची माझी सवय. जिला तडा असेल ती लगेच बोलते. माझी एक बढाईसुद्धा होती, आल्यागेल्याला ऐकवायचे, "माझ्या हाताखाली आजवर कुणाच्या रक्ताचा थेंब आलेला नाही." जाऊबाईंना ती इतकी पाठ झाली होती की मी सुरुवात केली की त्याच पुरी करायच्या.

आणि आता, नऊ दिवसांवर माझ्या सुनेचं डोहाळजेवण आलेलं असताना, ही नागीण माझ्या अंगावर चढून बसली होती.

सून माझी वैजयंता, माझ्या उमेशची बायको. वैजू. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर दिवस राहिले होते. बिचारीची आई ती तीन वर्षांची असतानाच गेलेली. सातवा लागला तेव्हा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली होती, "आई, चुडा कुणी भरायचा ते ठरलंय हां. तुम्हीच. दुसऱ्या कुणाच्या हातात मी हात देणार नाही." मी तोंडावर हसले आणि मोरीत जाऊन डोळे पुसून आले.

"तू आता तिला शिवायचं नाहीस," जाऊबाई दोरा गुंडाळत म्हणाल्या. "ही लागते. हिची हवासुद्धा लागते. पोरीला माहेरी धाडू आणि चुडा भरायला त्या वरच्या आळीतल्या कासारणीला बोलवू."

"तिला? तिचा हात आहे की पक्कड? माझ्या सुनेचं मनगट तिच्या ताब्यात द्यायचं?"

"मग बाळाला काही झालेलं चालेल का तुला?"

मी खालीच बसले. दारात वैजू चहाचा कप घेऊन उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. कप तिथंच ठेवून ती म्हणाली, "उमेशला रिक्षा आणायला सांगितलीय. गेरू-बिरू काही नाही. आपण बागवान डॉक्टरांकडं जायचं. मीपण येणार."

"मीपण," जाऊबाई म्हणाल्या, आणि दोरा कनवटीला लावून निघाल्या.

डॉक्टर तस्लीम बागवान म्हणजे तरुण पोरगी. पेठेच्या टोकाला तिनं नुकताच दवाखाना थाटला होता. हात कायम बांगड्यांविना मोकळे, म्हणून माझी तिच्यावर जरा नाराजी होती. तिनं फोड बघितले, किती दिवस दुखतंय विचारलं. शुक्रवारपासून दुखत होतं, मला वाटलं बांगड्यांच्या पेट्या उचलून चमक भरली. रविवारी संध्याकाळी फोड दिसले, आज मंगळवार.

"वेळेत आलात, मावशी. फोड उठल्यापासून तीन दिवसांच्या आत गोळ्या सुरू केल्या की चांगला गुण येतो."

"पण तोंड आणि शेपूट?" जाऊबाईंनी दोरा बाहेर काढला. "दोनच विती राहिल्यात."

डॉक्टरीणबाई हसली नाही, हे तिचं मोठेपण. म्हणाली, "काकी, तो दोरा आता बांगड्या ओवायला वापरा. हे एकाच नसेच्या वाटेनं येतं आणि नस शरीराच्या एकाच बाजूला असते. मणक्यापासून निघते, पोटाच्या मधोमध संपते. म्हणून पट्टा अर्ध्यावरच थांबतो, कुणी गेरू लावला तरी आणि नाही लावला तरी. आणि समजा पलीकडं गेला, तरी वेढा पूर्ण झाला म्हणून कुणी मरत नाही."

जाऊबाईंचा चेहरा पडला. त्यांच्या माहेरचा म्हातारा फुकटच गेल्यासारखं झालं.

"मग मला हे कुणाकडून लागलं?" मी विचारलं. "बाजारात शंभर बायकांचे हात धरते मी."

"कुणाकडूनच नाही. तुमचं तुमच्याकडूनच आलंय. लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या?"

"झाल्या होत्या की. आम्हा चार भावंडांना ओळीनं."

"कांजिण्या बऱ्या झाल्या, पण त्यांचे जंतू गेले नाहीत. नसेच्या मुळाशी झोपून राहिले. वय झालं, थकवा आला, अंगातली ताकद जरा कमी झाली की ते उठतात आणि त्या नसेवरून बाहेर येतात. तीच नागीण."

"म्हणजे पन्नास वर्षं माझ्या अंगात बिनभाड्याचा भाडेकरू राहत होता!"

"तसंच समजा. आणि तुमच्यापासून कुणालाही नागीण होणार नाही. हवेतून लागेल म्हणून घाबरायचंही काम नाही, फोड नीट झाकले की झालं. पण एक आहे..." तिनं वैजूच्या पोटाकडं बघितलं आणि तिचा आवाज बदलला. "या फोडांतलं पाणी अशा माणसाला लागलं, की ज्याला कांजिण्या कधीच झालेल्या नाहीत, तर त्याला कांजिण्या होऊ शकतात. आणि बाई गरोदर असेल तर त्या तिला जड जातात. कधी बाळालाही. वैजयंता, तू या फोडांना हात लावलास का?"

वैजू स्वतःच्या बोटांकडं बघत म्हणाली, "रविवारी आणि काल, दोन्ही दिवस मी आईंच्या कमरेला बाम चोळला. तेव्हा नागीण आहे हे कळलं नव्हतं, मला घामोळं वाटलं. काल एक फोड माझ्या बोटाखाली फुटला."

अहो, मीच तर म्हटलं होतं तिला, चोळ गं जरा, तुझा हात लागला की बरं वाटतं!

"तुला कांजिण्या झाल्यात का?" डॉक्टरनं विचारलं.

"मला नाही माहीत," वैजू म्हणाली. "आई असती तर तिला विचारलं असतं."

दवाखान्यातल्या फोनवरून आम्ही तिच्या वडिलांना डेपोत गाठलं. आमचे व्याही श्रीरंगराव एस.टी.त कंडक्टर. जिल्ह्यातल्या प्रत्येक गाडीची सुटायची वेळ तोंडपाठ, पण स्वतःच्या लेकीचं विचारलं तर फोनवर नुसतं "अं... अं..." चाललं होतं. "गोवर झाला होता बघा. नाही, तो तिच्या भावाला, बाळूला. वैजूला काहीतरी झालं होतं खरं, की गालफुगी होती? मी तेव्हा मुक्कामी गाडीवर असायचो हो. आमच्या चंद्राक्काला विचारा, पोरीला तिनंच वाढवलं."

चंद्राक्का म्हणजे वैजूची चंद्राआत्या. पण ती गेली होती काशीला, येणार पुढच्या गुरुवारी. काशीत कुठल्या धर्मशाळेत उतरलीय ते तिचं तिला माहीत.

"मग रक्त तपासू," डॉक्टर म्हणाली. "पुण्याला पाठवावं लागेल, चार दिवस जातील. झालेल्या नसतील तर एक इंजेक्शन आहे, पण ते लवकरात लवकर द्यावं लागतं आणि इथं मिळत नाही, मागवावं लागेल. आजच खात्रीनं कळलं असतं तर बरं झालं असतं. हात दे."

वैजूनं रक्त द्यायला उजवा हात पुढं केला, बांगड्या वर सरकवल्या. मनगटाच्या वर तीन बोटांवर एक खोलगट, मसुराएवढा व्रण होता. तो मी लग्नाच्या चुड्याच्या वेळीच पाहिला होता. पण कासारणीनं कुणाच्या हातावरचा डाग कशाचा म्हणून विचारायचं नसतं, ही आमच्यातली जुनी रीत. कुणाला चटका बसलेला असतो, कुणाला नवऱ्यानं मारलेलं असतं. आपण बांगडी भरायची आणि गप्प राहायचं. सुनेच्या बाबतीतही मी ती रीत पाळली होती.

डॉक्टरला आमची रीत कुठली माहीत! तिनं सरळ विचारलं, "हा खड्डा कसला?"

वैजूला तशातही हसू आलं. "हा? आईंपुढं कधी बोलले नाही. कासारणीची तक्रार कासारणीच्याच घरात कशी सांगायची! मी पाच वर्षांची होते. आत्यानं मला वाघजाईच्या जत्रेत नेलं होतं. तिथं एका कासारणीनं बांगडी चढवताना माझ्या हातावरची खपली काढली. भळाभळा रक्त आलं. आत्यानं तिला छत्री काढून असली झोडपली म्हणता!"

"खपली कशाची होती?"

"ते नाही आठवत. आत्या म्हणायची, अंगावर आलं होतं. काय आलं होतं, कोण जाणे."

"गळू असेल," जाऊबाई म्हणाल्या. "लहान पोरांना होतात."

मी मात्र त्या व्रणाकडं बघत राहिले. पिवळा परकर, वेणीत खोवलेला कडुलिंबाचा डहाळा, काळी छत्री, सगळं माझ्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. तेवीस वर्षं ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. ह्यांनासुद्धा नाही. त्यानंतर वाघजाईच्या जत्रेला मी कधी गेले नाही. कुणी विचारलं तर सांगायचे, तिथं धंदा होत नाही.

शेजारी जाऊबाई बसल्या होत्या. आता बोलले तर सगळ्या पेठेत संध्याकाळपर्यंत बोभाटा. बत्तीस वर्षांचं नाव एका मिनिटात धुळीला. पण समोर पोरगी हात पुढं करून बसली होती, दुसरा हात पोटावर ठेवून. मग कसलं नाव आणि कसलं काय!

"गळू नव्हतं," मी म्हटलं. "कांजिण्याच होत्या."

"तुम्हाला कसं माहीत?" डॉक्टर म्हणाली.

"ती कासारीण मीच."

जाऊबाईंचा चष्मा नाकावरून घसरला. वैजूनं तोंडाचा आ केला तो तसाच राहिला.

"अंगभर होत्या तिच्या," मी घडाघडा सांगून टाकलं. "कपाळावर, मानेवर, केसांच्या भांगातसुद्धा. बहुतेक सुकल्या होत्या, काही अजून ओल्या होत्या. कांजिण्या अंगावर असताना काचेची बांगडी भरायची नाही, हे मला ठाऊक होतं. आठ दिवसांनी ये म्हटलं तर पोरीनं भोकाड पसरलं, मला आत्ताच पाहिजे. तेवढ्यात आत्याबाई पलीकडच्या दुकानात भाव करायला गेल्या. मला कीव आली. म्हटलं हात जपून भरू. पाच बांगड्या भरल्या आणि सहावीनं घात केला."

"अगं पण रत्ना," जाऊबाई हळूच म्हणाल्या, "म्हणजे 'आजवर कुणाच्या रक्ताचा थेंब'..."

"थाप होती, जाऊबाई. साफ थाप."

पहिल्यांदा डॉक्टर हसली. मग वैजू. ती हसता हसता रडायला लागली आणि रडता रडता पुन्हा हसायला. "आई, तुम्ही? आत्याचा मार खाल्लेली ती तुम्ही?"

"तीन फटके," मी म्हटलं. "चौथा पेटीवर बसला."

डॉक्टरनं मला पुन्हा पुन्हा खोदून विचारलं, फोड कसे होते, कुठं कुठं होते, सगळे एकाच वेळी सुकले की मागंपुढं. मग पेन खाली ठेवून म्हणाली, "या कांजिण्याच. ज्याला एकदा होऊन गेल्या, त्याच्या अंगात त्यांच्याविरुद्ध ताकद तयार झालेली असते. वैजयंता, घाबरू नकोस. रक्त तरीही पाठवते, कागदावर आलेलं बरं. आणि मावशी, तुम्ही फोडांवर स्वच्छ कापड बांधायचं, औषध लावलं की साबणानं हात धुवायचे, कपडे-टॉवेल वेगळे. सगळ्यावर खपली धरली की तुमच्याकडून कुणाला काही लागत नाही."

"आणि चुडा?" वैजूनं विचारलं.

"गुरुवारी सकाळी मी स्वतः बघायला येईन. खपल्या धरलेल्या असल्या तर खुशाल भरा."

"आणि मी? मी तर तीनदा मोजलंय!" जाऊबाई एकदम दचकून म्हणाल्या. त्यांच्या लहानपणी सगळ्या घराला कांजिण्या झाल्या होत्या असं निघालं, तेव्हा कुठं त्यांचा जीव भांड्यात पडला. तरी घरी येऊन त्यांनी हात चार वेळा धुतले आणि दोरा चुलीत टाकला.

सोमवारी पुण्याहून कागद आला. वैजूच्या अंगात कांजिण्यांविरुद्धची ताकद होती, चांगली भरपूर. मी तो कागद देवापुढं ठेवला. वाचता येत नव्हता, इंग्रजीत होता. तरी दिवसातून दहा वेळा बघून यायचे.

गुरुवारी सकाळी डॉक्टर आली, खपल्या बघितल्या, वर कापड बांधलं आणि मोरीत उभी राहून माझे हात दोनदा धुवून घेतले. मग जायचं सोडून आत बसूनच राहिली. माजघर बायकांनी भरलेलं. हिरवी साडी, फुलांचा मुकुट, धनुष्यबाण, आणि मधे पाटावर माझी वैजू. मी हिरव्या बांगड्यांची माळ सोडली, पहिली बांगडी उचलली, नखानं टिचकी मारली, कानाशी धरली.

"थांब!"

दारात चंद्राआत्या. थेट स्टेशनवरून आलेली. एका हातात गंगाजलाची लोटी, दुसऱ्या हातात छत्री. सुनेच्या लग्नात ती मला म्हणाली होती, "तुम्हाला कुठंतरी बघितलंय," आणि मी म्हटलं होतं, "बांगड्या विकणारीला सगळ्यांनीच बघितलेलं असतं." लग्नात चुडा आदल्या दिवशी भरला होता, तेव्हा ती रुखवताच्या गडबडीत होती. आज मात्र तिनं ती टिचकी ऐकली.

"टिचकी मारून ऐकणारी कासारीण जन्मात एकच बघितली मी," ती म्हणाली. "वाघजाईची जत्रा! तूच गं ती!"

मी बांगडी तशीच धरून बसले. छत्री बघून माझ्या पाठीला तेवीस वर्षांपूर्वीचे तीन फटके आठवले.

मी काही बोलायच्या आत जाऊबाईच पुढं झाल्या. त्यांनी चंद्राआत्याला अख्खी कथा ऐकवली, नागिणीपासून पुण्याच्या कागदापर्यंत, आणि वर म्हणाल्या, "आमच्या रत्नानं तेव्हा खपली काढली म्हणून आज बाळाचा घोर मिटला. आणि भर दवाखान्यात स्वतःच्या तोंडानं कबूल केलं हो तिनं!" बत्तीस वर्षांत त्यांनी माझं केलेलं हे पहिलं कौतुक.

चंद्राआत्यानं लोटी खाली ठेवली. छत्रीही ठेवली, पण हाताशीच. वैजूच्या शेजारी बसकण मारली आणि माझ्याकडं डोळे वटारून बघितलं.

"कांजिण्याच होत्या," ती म्हणाली. "आठवडाभर उशाशी बसले होते मी. पण एक सांग. उजव्या हातात पाच भरल्यास आणि डावा तसाच मोकळा ठेवून पळालीस. एका हाताला बांगड्या आणि एक हात रिकामा, अशी नेली मी पोरीला घरी. वाटेत रडत होती, आत्या, माझा दुसरा हात राहिला."

"पळाले नाही हो. तुम्ही छत्री काढली होती."

"बरं, बरं. आता नाही काढत. आधी डावा भर. मी इथं बसून बघते."

वैजूनं डावा हात माझ्या हातात दिला. मऊ, थोडा सुजलेला, सातव्या महिन्याचा हात. मी साबणाचं पाणी लावलं, बोटं जुळवली, अंगठा आत मुडपला आणि एकेक बांगडी अशी चढवली की तिला काच लागल्याचंही कळलं नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळे नव्हते, तर ते डॉक्टर बागवाननं स्वतःच्या ओढणीनं पुसलं. मग उजवा भरला. त्या व्रणाच्या अलीकडं बांगडी थांबवली, त्याला टेकूसुद्धा दिली नाही.

वैजू नमस्काराला वाकली. मी "औक्षवंत हो" म्हणायला तोंड उघडलं, तोच जाऊबाईंची बोटं चुड्यावरून फिरली. मोजायची खोड त्यांची, दोरा जाळला म्हणून थोडीच जाते!

"रत्ना, उजव्यात अकरा आहेत. डाव्यात बारा. एक जास्त झाली."

"असू द्या," मी म्हटलं.

"असू द्या कशी? काढ एक."

"खबरदार!" चंद्राआत्यानं छत्री उचलली. "तेवीस वर्षं थांबलाय तो हात. एकीलाही धक्का लावायचा नाही."